इंजिनाचं राहू द्या, रेडिएटर कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विज्ञानकथांमधली यानं एका ग्रहावरून दुसऱ्यावर इतकी सहज जातात, मग खऱ्या जगात अडलंय ते फक्त चांगल्या इंजिनापायी का? आणि त्यालाच जोडून दुसरा: अवकाशात एवढी थंडी आहे, तर इथे भयंकर तापणारी डेटा सेंटरं सरळ तिकडेच का नेत नाहीत?

मी उपग्रहांच्या थर्मल कामातला माणूस. यानातला कुठला भाग किती तापेल, कुठला किती गारठेल आणि दोन्ही आटोक्यात कसं ठेवायचं, हेच वर्षानुवर्षं पाहत आलो. त्यामुळे उत्तर एकांगी असणार, हे आधीच सांगून टाकतो. इंजिनवाल्याला विचारलंत तर तो इंधनाच्या वजनाचं रडगाणं गाईल, आणि त्याचंही खरंच आहे. पण विज्ञानकथा वाचताना इंजिनाच्या थापा मी आनंदाने पचवतो. प्रकाशापेक्षा जास्त वेग हवा? घ्या. लेखकाला एक मोठी थाप माफ असते, ती त्याने तिथे खर्च करावी. मला अडकायला होतं ते दुसऱ्याच जागी: या यानात तयार होणारी उष्णता जाते कुठे?

‘अवकाश थंड आहे’ हे विधान अर्धं खरं आहे आणि सगळा घोटाळा उरलेल्या अर्ध्यात आहे. सूर्याकडे, पृथ्वीकडे पाठ करून दूरच्या पोकळीकडे पाहिलं तर पार्श्वभूमीचं तापमान २.७ केल्विन, म्हणजे उणे २७० अंश सेल्सिअस. पण आजूबाजूला थंडी असणं वेगळं आणि त्या थंडीने आपल्याला गार करणं वेगळं. जमिनीवर वस्तू गार होतात त्या बहुतेक वेळा हवेमुळे किंवा पाण्यामुळे. हवा गरम वस्तूला भिडते, उष्णता घेते, हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी नवी हवा येते. पोकळीत भिडायला कोणीच नाही. थर्मासच्या दोन भिंतींमधली हवा काढून घेतात ती आतलं गरम राहावं म्हणूनच. अवकाशयान हे सगळ्या बाजूंनी त्या पोकळीत बसवलेलं भांडं आहे, आणि त्याच्या आत बॅटऱ्या, संगणक, पंप आणि माणसं अहोरात्र उष्णता ओतत असतात. नुसता शांत बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॅट उष्णता सोडतो.

गंमत अशी की पृथ्वीपासून ४०० किलोमीटरवर जी नावापुरती हवा उरते तिच्या कणांचं तापमान हजार केल्विनच्या आसपास असू शकतं. तरीही ती यानाला तापवत नाही, कारण कण इतके विरळ की त्यांच्याकडे द्यायला उष्णताच नसते. तेव्हा तिथलं ‘तापमान किती’ हा प्रश्नच फारसा कामाचा नाही. विचारायचं ते एवढंच, की उष्णता कुठून येते आहे आणि कुठून बाहेर पडते आहे.

यानाबाहेर फेकला गेलेला माणूस क्षणात गोठून काचेसारखा होतो, हे दृश्य त्यामुळे मला कधीच पटलं नाही. यावर एक खरा, नको असलेला प्रयोग होऊन गेला आहे. डिसेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनला नासाच्या निर्वात कक्षात जिम लब्लांक हे तंत्रज्ञ अवकाशपोशाखाची चाचणी करत असताना हवेची नळी सुटली. साधारण १४ सेकंदांत त्यांची शुद्ध हरपली. त्याआधीचं शेवटचं काय आठवतं, तर जिभेवरची लाळ उकळत असल्याचं. दाब गेला की पाणी शरीराच्या तापमानालाही उकळतं. कक्षात झटपट हवा सोडली गेली आणि ते वाचले. गोठण्याचा त्यात कुठेच संबंध नव्हता. माणसाचं शरीर पूर्ण गार व्हायला पोकळीत तास लागतील, प्राण जायला मिनिटं पुरतात.

मग उष्णता बाहेर टाकायची तरी कशी? वाट एकच उरते, प्रारणाची. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार अवरक्त किरण सोडत असते. अवकाशात आपलं सगळं घरदार चालतं ते यावर. हिशेब सोपा आहे. २७ अंश सेल्सिअसचा, अगदी आदर्श काळा, एक चौरस मीटरचा पत्रा एका बाजूने साधारण ४६० वॅट बाहेर टाकतो. आणि पृथ्वीच्या अंतरावर सूर्य त्याच एक चौरस मीटरवर किती ओततो? सुमारे १,३६१ वॅट. म्हणजे काळा पत्रा सूर्यासमोर धरलात तर तो रेडिएटर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा पत्रा, न राहता हीटर होतो. म्हणून रेडिएटर कडेने सूर्याकडे ठेवतात, किंवा त्याच्यावर असा पांढरा रंग अथवा काचेचे पातळ आरसे लावतात की ते सूर्यप्रकाश परतवून लावतात पण अवरक्त मात्र मुक्तपणे सोडतात. हा दुहेरी स्वभाव हाच आमच्या धंद्याचा कणा. त्यातही मेख आहे. पांढरा रंग अतिनील किरणांनी वर्षानुवर्षं पिवळट होत जातो, जास्त ऊन शोषायला लागतो, आणि उपग्रह म्हातारपणी तापट होतो. त्यामुळे रेडिएटरचं माप काढताना नव्याकोऱ्या रंगाचा विचार करून चालत नाही. शेवटच्या वर्षी तो कसा असेल ते धरून चालावं लागतं, आणि मग पहिल्या वर्षी तोच उपग्रह गारठू नये म्हणून आत हीटर बसवावे लागतात. एकाच यानात कुलरही आणि हीटरही, हे नव्या लोकांना फार विचित्र वाटतं.

उपग्रहांवर दिसते ती सोनेरी चादर शोभेची नाही. ती पातळ प्लास्टिकच्या पटलांची चळत असते. प्रत्येक पटलावर ॲल्युमिनियमचा मुलामा, दोन पटलांमध्ये जाळी, असे अनेक थर. सोनेरी रंग येतो तो वरच्या पिवळसर पटलामागच्या चकाकीमुळे. कागदावर ही चादर अप्रतिम रोधक आहे. प्रत्यक्षात तिची सगळी अब्रू शिवणीत, कोपऱ्यांत आणि तारा बाहेर काढायला पाडलेल्या भोकांत जाते. उड्डाणाच्या वेळी आतली हवा निसटावी म्हणून तिला बारीक छिद्रंही ठेवावी लागतात. हातमोजे घालून ही चादर यानावर नीट बसवणाऱ्या तंत्रज्ञांना कुठल्याच कथेत जागा मिळालेली मी पाहिली नाही.

आणखी एक गोष्ट, जी टेबलावर काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना पहिल्यांदा पटतच नाही. दोन धातूचे पत्रे बोल्टने घट्ट आवळले तरी ते सूक्ष्म पातळीवर मोजक्याच ठिपक्यांवर टेकलेले असतात. जमिनीवर मधल्या फटीतली हवा उष्णता वाहून नेते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पोकळीत ती हवा गेली की टेबलावर व्यवस्थित चालणारी पेटी तापू लागते. मग त्या सांध्यात ग्राफाइटचं किंवा इंडियमचं मऊ पटल भरा, बोल्ट वाढवा, असं सुरू होतं. यासाठीच यान उडवण्याआधी ते निर्वात कक्षात ठेवून, भोवतालच्या भिंती द्रव नायट्रोजनने थंड करून, दिवसचे दिवस पाळ्या लावून तपासतात. या चाचणीतली एक नाजूक गोष्ट म्हणजे हीट पाइप. ही ॲल्युमिनियमची बंद नळी. आत थोडा अमोनिया, भिंतीवर बारीक खाचा. गरम टोकाला अमोनियाची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा द्रव होते आणि खाचांतून केशाकर्षणाने परत येते. पंप नाही, वीज नाही. पण ही करामत वजनरहित अवस्थेसाठी. जमिनीवर गुरुत्वाकर्षण त्या द्रवाला खाली ओढतं, त्यामुळे नळी काही मिलिमीटर चुकीच्या बाजूला कलली तरी काम थांबू शकतं. चाचणीपूर्वी अख्खा उपग्रह सुताराच्या काटेकोरपणाने समपातळीत आणावा लागतो. चंद्रावर तळ बांधायच्या गप्पा मारताना हीच नळी तिथे, सहाव्या हिश्शाच्या गुरुत्वाकर्षणात, उभी चालेल का आडवी, असले प्रश्न पडतात. कंटाळवाणे आहेत, पण टळत नाहीत.

यानाच्या आत, जिथे हवा आहे, तिथेही जमिनीवरचे नियम चालत नाहीत. गरम हवा वर जाते ती वजनामुळे. वजनच नसेल तर ‘वर’ कुठे? ती जिथल्या तिथे बसून राहते. म्हणून अंतराळ स्थानकात पंखे सतत चालू ठेवावे लागतात, नाहीतर संगणक तापतील आणि झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याच्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचेल. कथांमधली यानं कशी शांत, गंभीर असतात; खरं स्थानक घरघरतं.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचंच उदाहरण पूर्ण घेऊ. साधारण ९० मिनिटांत ते पृथ्वीला एक फेरी मारतं, म्हणजे दिवसाला सुमारे १६ सूर्योदय. उन्हातला पृष्ठभाग १०० अंशांच्या वर, सावलीतला उणे १०० च्या खाली. आतल्या उपकरणांची उष्णता आधी पाण्याच्या नळ्यांत घेतात, कारण माणसं राहतात तिथे पाणीच सुरक्षित. पण पाणी बाहेर नेलं तर शून्य अंशाला गोठून नळ्या फोडेल. म्हणून ते भिंतीपाशी आपली उष्णता अमोनियाला देतं, जो उणे ७७ पर्यंत गोठत नाही, आणि अमोनिया ती बाहेरच्या मोठ्या पांढऱ्या रेडिएटरांपर्यंत नेतो. सगळी यंत्रणा मिळून बाहेर टाकू शकते साधारण ७० किलोवॅट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही यंत्रणा बिघडली की काय होतं, याचे दाखले कुठल्याही कथेपेक्षा सरस आहेत. जुलै २०१० च्या अखेरीस अमोनियाचा एक पंप बंद पडला, तेव्हा अंतराळवीर डग व्हीलॉक आणि ट्रेसी कॅल्डवेल डायसन यांना तीनदा स्थानकाबाहेर जाऊन तो बदलावा लागला. डिसेंबर २०१३ मध्ये पुन्हा तसंच. नाताळच्या आदल्या दिवशीही दोघं बाहेर पंप बसवत होते. डिसेंबर २०२२ मध्ये स्थानकाला जोडलेल्या, माणसांना ने-आण करणाऱ्या रशियन सोयूझ एमएस-२२ यानाच्या रेडिएटरमधून शीतक द्रव गळून गेला. यान धडधाकट, इंजिन ठीक, फक्त गार ठेवण्याची सोय गेली. तीन माणसं त्यात बसून परतली असती तर आत उकाडा आणि दमटपणा धोक्याच्या पातळीला गेला असता. म्हणून ते यान मार्च २०२३ मध्ये रिकामंच उतरवलं, बदली यान वर पाठवलं, आणि सहा महिन्यांसाठी गेलेले तिघे वर एक वर्षाहून जास्त राहिले. एका गळतीने तीन माणसांचं वर्ष बदललं. लेखकांना संकट हवं असतं तेव्हा ते उल्का आणतात, परग्रहवासी आणतात. शीतक गळाला, एवढंच पुरेसं आहे हो.

त्याहून जुनी आणि माझ्या आवडीची गोष्ट स्कायलॅबची, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या अंतराळ स्थानकाची. १४ मे १९७३ ला उड्डाणातच तिच्यावरचं उल्कारोधक आवरण उखडून गेलं. तेच उन्हापासूनही बचाव करायचं. आतलं तापमान ५० अंशांच्या वर गेलं. पहिल्या तुकडीने जाऊन एका लहान झरोक्यातून बाहेर छत्री उघडावी तसं कापड पसरलं आणि मग आत राहण्याजोगं झालं. अब्जावधींच्या प्रयोगशाळेला शेवटी सावली हवी होती.

आता कोणी म्हणेल, मग चंद्राच्या वाटेवर स्फोट झालेल्या अपोलो १३ मध्ये माणसं थंडीने का कुडकुडत होती? रास्त शंका आहे. तिथे वीज वाचवण्यासाठी यानातलं जवळजवळ सगळं बंद केलं होतं. रेडिएटर आणि भिंतींमधून उष्णता बाहेर जातच होती, आत तयार होणं थांबलं होतं. यान बनवतानाच हिशेब धरलेला असतो की आत अमुक किलोवॅट पेटलेले आहेत. ते विझले की तेच यान गारठतं. चंद्रावरच्या रात्रीचं तेच. चांद्रयान-३ चा लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला उतरला, चंद्राचा एक दिवस म्हणजे आपले साधारण १४ दिवस त्याने काम केलं, आणि त्यानंतरच्या तेवढ्याच लांब रात्रीनंतर तो उठला नाही. त्याची रचना मुळात एका दिवसाचीच होती. रात्र काढायची तर आत उष्णतेचा झरा हवा. १९७० मध्ये सोव्हिएत चांद्रगाडी लुनोखोद-१ ने स्वतःहून तापणारं किरणोत्सारी पोलोनियम बाळगलं होतं आणि रात्री डब्याचं झाकण बंद करावं तसं स्वतःचं झाकण मिटून ते निजायचं. तेच झाकण दिवसा उघडलं की सौर पत्रा. इतकी नीटस रचना क्वचित पाहायला मिळते. उलट दिवसा चंद्र स्वतःच भाजून काढतो. त्याची उन्हातली जमीन सव्वाशे अंशांच्या आसपास जाते आणि वरून फिरणाऱ्या यानावर अवरक्त किरणांचा मारा करते. नोव्हेंबर २००८ मध्ये चांद्रयान-१ चं तापमान ५० अंशांच्या आसपास गेलं होतं, तेव्हा काही उपकरणं आळीपाळीने बंद ठेवावी लागली.

सूर्याच्या सगळ्यात जवळ गेलेलं यान म्हणजे पार्कर सोलर प्रोब. २४ डिसेंबर २०२४ ला ते सूर्यपृष्ठापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवरून गेलं. त्याच्या पुढे साडेअकरा सेंटिमीटर जाडीची कार्बनची ढाल आहे, सगळे तिचंच कौतुक करतात. मला त्यातलं जास्त आवडतं ते त्याचे सौर पत्रे: त्यांच्यात साधं शुद्ध पाणी फिरवून ते गार ठेवतात, साधारण पाच लिटर. दाबाखाली ठेवलं की तेच पाणी उकळत नाही. सूर्याच्या दारात जाणाऱ्या यंत्राच्या नसांत पाणी, हे कोणी कथेत लिहिलं असतं तर वाचकांनी हसून सोडून दिलं असतं.

आता इंजिनाकडे येऊ, कारण मूळ प्रश्न तोच आहे. आजचं रासायनिक रॉकेट उष्णतेच्या बाबतीत फार सुखी आहे. ज्वलनकक्षात तीन हजार अंशांच्या वर तापमान असतं, पण ती बहुतेक उष्णता धुराबरोबरच बाहेर जाते. भिंतीला लागते तेवढी भिंतीतल्या नळ्यांतून खेळवलेलं इंधन उचलतं आणि तेही पुढे कक्षातच जळतं. यानाकडे काही उरत नाही. अडचण ही की असं रॉकेट काही मिनिटंच चालतं आणि मग महिनोन्महिने नुसतं वाहत जायचं. कथांमधलं यान मात्र दिवसचे दिवस इंजिन पेटवून, एक जी त्वरणाने (म्हणजे आत पृथ्वीइतकंच वजन जाणवेल अशा), आरामात मंगळावर जातं. चला, तेही देऊन टाकू आणि फक्त हिशेब करू.

यानाचं वजन हजार टन. त्वरण एक जी. इंजिनातून निघणाऱ्या झोताचा वेग प्रकाशाच्या एक टक्का, म्हणजे सेकंदाला तीन हजार किलोमीटर. झोताची शक्ती येते जवळजवळ १५ टेरावॅट. सगळी मानवजात मिळून सध्या सरासरी ज्या दराने ऊर्जा वापरते तो आकडा २० टेरावॅटच्या जवळ आहे. म्हणजे एका मध्यम जहाजाच्या शेपटीला अख्ख्या जगाची तीन चतुर्थांश ऊर्जा. त्याचंही मला काही नाही, थाप माफ म्हटलंच आहे. पण समजा यातली फक्त एक टक्का उष्णता यानात राहिली. ती होते १५० गिगावॅट. २७ अंशांच्या, दोन्ही बाजूंनी प्रारण सोडणाऱ्या आदर्श पत्र्याने ती टाकायची म्हटली तर लागतील सुमारे १६० चौरस किलोमीटर. चौरस मीटरला पाच किलो धरले तरी आठ लाख टन. यान हजार टनांचं.

सुटका एकाच गोष्टीत आहे, आणि ती फार सुंदर आहे. प्रारण हे तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. तापमान दुप्पट केलं की उत्सर्जन सोळापट. तोच रेडिएटर २,००० केल्विनला चालवला तर १६० चौरस किलोमीटरच्या जागी सुमारे ८३ हजार चौरस मीटर पुरतात. तरीही वजन चारशे टनांच्या वर, म्हणजे निम्मं जहाज नुसतं रेडिएटर. आणि २,००० केल्विन म्हणजे पोलाद वितळून जाईल असं पांढुरकं पिवळं तापमान. त्याच्या शेजारी झोत आवरणारी अतिशीत चुंबकं, त्यांच्या शेजारी माणसं. शिवाय एक टक्का हा आकडा मी उदारपणे धरला. असं इंजिन अणुसंमीलनावर चालवलं, तर ड्युटेरियम आणि ट्रिटियम या जड हायड्रोजनांच्या संमीलनात ८० टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातात आणि न्यूट्रॉनला चुंबकाने वळवता येत नाही. ते जिथे शिरतील तिथे तापवणार.

अणुभट्टीवर वीज करून आयन इंजिन (विद्युतभारित कणांचा झोत सोडणारं) चालवायचं असेल तर याहून मजेशीर पेच येतो. जमिनीवरचं वीज केंद्र जितकं थंड पाणी मिळेल तितकं खूश, कारण थंड बाजू जितकी थंड तितकी कार्यक्षमता जास्त. अवकाशात थंड बाजू थंड ठेवायला गेलात की रेडिएटर अवाढव्य होतो. गणित करून पाहिलं तर सर्वात लहान रेडिएटर मिळतो तो त्याचं तापमान उष्ण बाजूच्या तीन चतुर्थांश ठेवल्यावर, आणि तेव्हा आदर्श यंत्राचीही कार्यक्षमता फक्त २५ टक्के. चारातले तीन भाग आपण होऊन फेकून द्यायचे, कारण वजन त्यातच कमी भरतं. यंत्र मुद्दाम कमी कार्यक्षम करणं हे अवकाशात शहाणपणाचं ठरतं. १९६५ मध्ये अमेरिकेने स्नॅप-१०ए ही अणुभट्टी कक्षेत पाठवली होती. ती ४३ दिवस चालली, वीज द्यायची पाचशे वॅटच्या आसपास. तिची चित्रं पाहा: वर चिमुकली भट्टी आणि खाली पसरलेला घागरा दिसतो तो जवळजवळ सगळा रेडिएटर.

हे चित्रपटवाल्यांना माहीत नाही असं अजिबात नाही. १९६८ च्या ‘२००१: ए स्पेस ओडिसी’साठी डिस्कव्हरी यानाच्या सुरुवातीच्या आराखड्यांत मोठे रेडिएटर होते. पण प्रेक्षकांना ते पंख वाटतील आणि हवा नसताना पंख कशाला, असा प्रश्न पडेल म्हणून ते काढून टाकले. प्रेक्षक चुकीचं समजेल म्हणून बरोबर असलेली गोष्ट वगळली. मला त्यात राग येण्यासारखं काही दिसत नाही. पडद्यावर समजावून सांगायला थांबता येत नाही. पण तेव्हापासून दोन पिढ्यांच्या डोळ्यांना बिनपंखांचं, गुळगुळीत यान खरं वाटू लागलं, आणि त्याच डोळ्यांनी माणसं आज डेटा सेंटरबद्दल बोलतात.

तर डेटा सेंटर. आजच्या एआयच्या एका भरगच्च रॅकला, म्हणजे संगणकांच्या एका कपाटाला, १०० किलोवॅटहून जास्त वीज लागते आणि ती सगळीच शेवटी उष्णता होते. मघाचा आकडा आठवा: संपूर्ण अंतराळ स्थानकाची शीतयंत्रणा ७० किलोवॅटची. म्हणजे एवढ्या सगळ्या नळ्या, अमोनिया आणि रेडिएटर मिळून तो एक रॅक गार ठेवू शकणार नाहीत. ‘तिकडे थंडावा फुकट आहे’ म्हणणाऱ्याला मी एवढंच ऐकवतो.

पण ‘हे भौतिकशास्त्राने अशक्य आहे’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांशीही माझं जमत नाही. एक मेगावॅट टाकायचं आहे असं धरा. रेडिएटर ५५ अंशांच्या आसपास ठेवला, दोन्ही बाजू मोकळ्या ठेवल्या, पृथ्वीकडून येणारी उष्णता वजा केली, तर चौरस मीटरला साधारण एक किलोवॅट पडतं. म्हणजे हजार चौरस मीटर. तेवढीच वीज मिळवायला ३० टक्के कार्यक्षमतेचे सौर पत्रे अडीच हजार चौरस मीटर लागतात. रेडिएटर सौर पत्र्यांपेक्षा लहानच निघाला की! फरक असा की सौर पत्र्याला फक्त तारा लागतात आणि एखादा तुकडा फुटला तर बाकीचा चालतो. रेडिएटरला द्रव, पंप, झडपा, हलते सांधे लागतात, आणि वाळूच्या कणाएवढा कचरा वेगाने येऊन नळीला भोक पाडून गेला तर अख्खी शाखा रिकामी होते. दुरुस्तीला माणूस पाठवायचा म्हणजे काय, ते वर सांगितलंच. तेव्हा माझं मत विचाराल तर: लहान, विखुरलेले, जिथल्या तिथे काही किलोवॅट टाकणारे संगणकी उपग्रह होतील, काही उपग्रहांवर त्यांनीच टिपलेली चित्रं तिथेच तपासून निष्कर्ष तेवढा खाली पाठवणं तर फायद्याचंच आहे. शेकडो मेगावॅटचं केंद्र वर नेणं हा उड्डाणाचा खर्च किती पडतो याचा प्रश्न आहे, आणि थंडाव्याच्या नावाखाली तो विकू नये.

मग विज्ञानकथा वाचायच्या कशा? मी तरी रेडिएटर शोधत वाचतो. लेखकाने ते दिले असतील तर पुढचं बरंच त्याला आपोआप सुचलेलं असतं. उदाहरणार्थ, लपणं. अवकाशात लपून बसलेलं शत्रूचं जहाज ही कथांमधली लाडकी कल्पना आहे, पण २.७ केल्विनच्या काळोखात ३०० केल्विनचं जहाज अवरक्त दुर्बिणीला कंदिलासारखं दिसतं. लपायचं तर उष्णता बाहेर टाकणं थांबवायला हवं, आणि ते थांबवलं की ती आत साचते. लढाईतही तेच. रेडिएटर हा मोठा, पातळ आणि नाजूक भाग. गोळीबारात तो मिटून आत घ्यावा लागणार. मिटल्यावर जहाज किती वेळ तग धरेल याचं उत्तर काढता येतं. एक टन बर्फ वितळवून, उकळवून, वाफ करून बाहेर सोडला तर तो साधारण तीन गिगाज्यूल घेऊन जातो. जहाजात दहा मेगावॅट उष्णता तयार होत असेल तर एका टनाला पाच मिनिटं मिळतात. दहा टन बर्फ बाळगणाऱ्या कप्तानाकडे पन्नास मिनिटं आहेत. त्यानंतर रेडिएटर उघडायचे, नाहीतर अणुभट्टी बंद करायची, आणि समोरच्या कप्तानालाही हे गणित येतं.